अर्ध्या दुकानाचा सोमवार

भिसेगावात आमच्या घरासमोर एक दुकान आहे. ते दर सोमवारी अर्धं बंद असतं. अर्धा दिवस नव्हे, अर्धं दुकान. मधोमध सुतळीवर कोयऱ्या छापलेली जुनी चादर टांगलेली असते. चादरीच्या डावीकडे साड्या, टॉवेल, शाळेचे गणवेश, ते बंद. उजवीकडे दूध, फुलं आणि मयताचं सामान, ते चालू. आणि चादरीला पाठ लावून स्टुलावर बसलेला मालक. लोक त्याला गजाशेठ म्हणतात. मी गजा म्हणतो, कारण आम्ही एका बाकावर बसून मार खाल्ला आहे.

आमच्या बाजाराचा बंदवार सोमवार. कायद्याने त्या दिवशी दुकानं बंद ठेवायची, पण माणसाचं ज्यावाचून अडेल अशा काही वस्तूंना सूट. गजा तिला ‘सवलत’ म्हणतो. सवलतीतल्या वस्तूंची यादी त्याने पेंटरकडून पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतली आणि उजव्या भिंतीवर ठोकली. इतर दुकानदार सोमवारी अर्धं शटर ओढून आत धंदा करायचे. गजाने सरकारचं म्हणणं चादरीने अमलात आणलं.

खरी पंचाईत पांढऱ्या कापडाची. त्याचा तागा एकच. कफनाला सवलत, लेंग्याला नाही. म्हणून सोमवारी कुणी पांढरं कापड मागितलं की गजा आधी विचारायचा, “कोन गेलं?”

“कोन नाय गेलं, शेठ. लेंगा शिवायचाय.”

“मग उद्या ये.”

“अवो, तागा तोच, कात्री तीच!”

“कारन येगळं हाय ना रं!”

एकदा पोशीरच्या एका माणसाने वैतागून सांगून टाकलं, “बाप गेला.” गजाने निमूट कापड फाडून दिलं. मग त्याला राहवेना. म्हातारा ओळखीचा. दुपारी दुकान बंद करून, हार घेऊन हा पोशीरला गेला. म्हातारा पडवीत भाकरी खात बसलेला.

“या शेठ, बसा. हार कशाला? कोन गेलं?”

“तूच,” गजा म्हणाला.

म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला. गजा मात्र हसला नाही. शिंप्याकडून कापड परत आणलं, पैसे परत केले, आणि हार म्हाताऱ्याच्याच गळ्यात घालून आला. “फुलांना सवलत हाय,” म्हणाला.

खालापूरला त्याचा भाचा दुकान चालवतो. तिथला बंदवार वेगळा, तोही गजाला पाठ. एकदा भेटायला गेला तर बंदवारी भाच्याचं दुकान उघडं. बहिणीने चहा पुढे केला. हा उंबऱ्यातच उभा. “आधी शटर वढ, मग चहा.” शटर खाली आलं, तेव्हा याने कपाला हात लावला. लग्नात वऱ्हाड उशिरा आलं तरी हा घड्याळ दाखवून विचारणार, “याला सवलत हाय का?”

हसायचे सगळे. पण गावात असा एक माणूस आहे, याचा मला अभिमान वाटायचा. मी तेव्हा व्यापारी मंडळाचा सचिव होतो, माझं भांड्यांचं दुकान होतं. सोमवार कडक पाळा म्हणून दारोदार मीच फिरलो, आणि बंद तपासायचं काम मीच गजाकडे दिलं. सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी तो सगळ्या बाजारातून एक फेरी मारायचा. त्याचं पाऊल वाजलं की आतल्या गिऱ्हाइकांसकट शटर खाली यायची.

आता जे सांगायचं आहे ते मी फार वर्षं सांगितलेलं नाही.

माझी बायको सुशीला एका सोमवारी सकाळी गेली. माणसं सामान आणायला निघाली तेव्हा मी म्हटलं, मीच जातो. घरात बसवत नव्हतं. गजाने बांबू, सुतळी, मडकं, कापड सगळं न विचारता काढून ठेवलं. मी तसाच उभा राहिलो.

“अजून काय, वसंता?”

“बायका म्हणतायत, सवाष्ण गेली. हिरवं लुगडं पाहिजे. नवं.”

गजाने चादरीकडे पाहिलं, मग पाटीकडे. पाटीवर लुगडं नव्हतं. मला वाटलं, हा आता ‘उद्या ये’ म्हणणार. मी त्याला ओळखत होतो, आणि त्या क्षणी मला त्याची भीती वाटली.

गजाने सुतळीला हिसका दिला. चादर खाली पडली. तिच्यावरून चालत तो पलीकडे गेला आणि कपाटातून आठ-दहा हिरवी लुगडी काढून पसरली. “पोपटी नको. वैनींना पोपटी आवडायचं नाय. हे घे, गर्द.”

तेवढ्यात दारात जीप थांबली. दुकान निरीक्षक. गजाने लुगडं माझ्या काखेत कोंबलं आणि मला मागच्या दाराकडे ढकललं. “तू जा. वैनी थांबल्यात.”

मी गेलो. निरीक्षकाला काय दिसलं? सोमवारी, पडदा पाडून, पसरलेली लुगडी. गजाने कुणासाठी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित सुटला असता. पण मग साहेब खात्री करायला रस्ता ओलांडून माझ्या दारात आले असते, आणि सुशीला अजून अंगणातच होती. त्याच्यावर खटला भरला.

पुढच्या महिन्यात मंडळाची सभा. ज्यांची शटर गजाने खाली ओढायला लावली होती, ते सगळे खुशीत.

“काय गजाशेठ, कोनाला इकत हुतास?”

“गिऱ्हाइकाला.”

“सवलत हुती का?”

हशा पिकला. गजा माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. मी तोंड उघडलं नाही. सोमवारसाठी दारोदार फिरलेला मी, आणि मोडणाराही मीच, हे सांगायची लाज वाटली. ‘बंदवारी कापड विकताना सापडल्यामुळे तपासणीच्या कामातून कमी करण्यात येत आहे,’ हा ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

त्यानंतर गजा सभेला आला नाही, आणि मी सोमवारी त्याच्या दुकानात पाय ठेवला नाही. इतर दिवशी तो माझ्या ओट्यावर यायचा, तिथेच बोलायचो, चहा प्यायचो. तो विषय त्याने कधी काढला नाही.

आता कायदा बदलला आहे. सातही दिवस दुकान उघडं ठेवा, कुणी विचारत नाही. गजा मात्र अजून सोमवारी चादर टांगतो.

गेल्या सोमवारी मी मंडळाच्या सभेत जुनं ठरावांचं पुस्तक मागवलं, माझ्याच ठरावाखाली खरं काय ते लिहिलं आणि उभं राहून वाचलं. कुणी हसलं नाही. मग काठी टेकत थेट गजाकडे गेलो.

मला सोमवारी दारात पाहून तो स्टुलावरून उठलाच. “कोन गेलं रं?”

“कुणी नाही. मंडळाला सांगून आलो. लुगडं माझ्यासाठी होतं म्हणून.”

गजा भडकला. “कोनी इचारलं हुतं तुला? आता सत्कार करतील माझा! आनि हार माझ्याच दुकानातनं उधार नेतील!”

तो बराच वेळ बडबडत होता. मी ऐकत उजव्या बाजूला सरकलो, आणि पाटीकडे लक्ष गेलं. पेंटरच्या सुबक अक्षरांखाली, अगदी तळाला, गजाच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ होती. रंग तिचाही आता उडत आला होता.

‘हिरवं लुगडं.’

पाटीखालच्या फळीवर, पांढऱ्या ताग्याशेजारी, एक गर्द हिरवं नवं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं.

“हे कधी लिहिलंस?”

“वैनींचं तेरावं व्हायच्या आत.”

“सरकारच्या यादीत तू आपल्या हाताने भर घातलीस? निरीक्षकाने विचारलं नाही?”

“इचारलं की. मी म्हनलं, लिवा खटला.” गजा पुन्हा स्टुलावर बसला आणि त्याने चादरीला पाठ लावली. “सोमवारी कोनाची ना कोनाची बायको जानारच ना, वसंता.”