गळती निवारण विभागाची गाडी

गळती निवारण विभागाची एकुलती एक पिकअप गळू लागली, तेव्हा विभागाने ही गोष्ट प्रथमदर्शनी अमान्य केली.

विभागाचं काम जमिनीखालच्या पाइपांतून वाया जाणारं पाणी थांबवण्याचं. कुठे रस्ता विनाकारण ओला दिसला, की पिकअपमध्ये पंप, लोखंडी पट्टे आणि माणसं घालून तिकडे जायचं, खणायचं, फुटका पाइप पट्ट्याने आवळायचा आणि खड्डा तसाच ठेवून परत यायचं. गाडी जुनी होती. ऑटोमॅटिक गिअरची. एका सुखवस्तू खात्याने ती वापरून वापरून कंटाळल्यावर विभागाला प्रेमपूर्वक दिली होती. पण टेकडीवरच्या वस्तीचा चढ चढणारी विभागाकडे तीच एक. तिच्या चालकाला सगळे तुफान म्हणत, कारण त्याने आजवर सायकलवाल्यालासुद्धा मागे टाकलेलं नव्हतं.

एका सकाळी तुफानने सहायक अभियंत्याला आवारात बोलावलं आणि गाडीखाली बोट दाखवलं. फरशीवर लालभडक डाग पडला होता.

“रक्तासारखं दिसतंय,” अभियंता म्हणाला.

“गिअरबॉक्सचं तेल आहे, साहेब. ठिबकतंय. गिअर टाकला की गाडी आधी विचार करते, मग निघते.”

अभियंता सरळमार्गी होता. गळतं ते थांबवावं एवढंच त्याला कळत असे, आणि त्यामुळे त्याची बढती रखडली होती. तो गाडी घेऊन तडक गॅरेजमध्ये गेला. गॅरेजवाल्या उस्तादने गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि हात पुसत बाहेर आला.

“तळाच्या चेंबरचं पॅकिंग कुजलंय. चेंबर उतरवायचा, नवं पॅकिंग टाकायचं, तेल भरायचं. जेवायच्या वेळेपर्यंत गाडी घेऊन जा.”

“मग करा की.”

“वरून आदेश आणा. आदेशाशिवाय सरकारी गाडीचा एक बोल्ट फिरवला, तर तोच बोल्ट माझ्या गळ्यात येतो.”

अभियंता विभागप्रमुखांकडे गेला. प्रमुखसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“आपण गळती शोधणारे. आपल्याच दारात गळती सापडणं म्हणजे डॉक्टरला सर्दी होण्यासारखं आहे.”

“साहेब, डॉक्टरांनाही सर्दी होते.”

“होते. पण ते चारचौघांत शिंकत नाहीत. गाडी मागच्या बाजूला लावा.”

गाडी मागच्या बाजूला लावली. ती तिथेही गळली. मागच्या बाजूला दुसऱ्या खात्याच्या खिडक्या होत्या आणि त्या खात्याला काम कमी होतं, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला खबर लागली. नाइलाजाने प्रमुखांनी प्रकरण वाहन शाखेकडे पाठवलं. तिथून ते त्याच पावली परत आलं. वाहन शाखेचं म्हणणं असं, की वाहनांची दुरुस्ती आमच्याकडे खरी, पण शहरातली कोणतीही गळती हा केवळ आपल्या विभागाचा अधिकार आहे. त्यात ढवळाढवळ करणं आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

“बरोबर आहे त्यांचं,” प्रमुख म्हणाले. अधिकार हा शब्द ऐकला की त्यांचा विरोध विरघळत असे. “आपली गळती आपणच थांबवू.”

मग विभागाची माणसं गाडीखाली शिरली. त्यांना पाइप आवळता येत होते. पाइप गोल असतो, गिअरबॉक्स नसतो. ही अडचण त्यांनी हातोड्याने दूर केली. रबर गुंडाळलं, पट्टा घातला, वरून पांढरं सिमेंट थापलं. जिथे एका जागी ठिबकत होतं तिथे आता दोन जागी ठिबकू लागलं. तुफान बाजूला उभा राहून नुसता बघत होता. आपल्या म्हशीला कुणी घोड्याचा नाल ठोकावा, तसा त्याचा चेहरा झाला होता.

शेवटी प्रमुखांनी बैठक बोलावली.

“या गाडीत तेल कोण भरतं?” त्यांनी विचारलं.

“मीच, साहेब,” तुफान जरा अभिमानाने म्हणाला. “जेवढं गळतं तेवढं रोज वरून घालतो. गाडी अडून राहता कामा नये.”

प्रमुखांनी चष्मा काढला. “म्हणजे गळतीला खतपाणी तुम्हीच घालताय!”

तुफान गडबडला. अभियंता म्हणाला, “साहेब, तेल नसेल तर गाडी चालायची नाही.”

“पण गळते काय? तेलच ना? मग तेल नसेल तर गळेल काय?”

अभियंत्याला याचं उत्तर येत होतं, पण त्याने तोंड उघडायच्या आत बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या. तेल भरण्यास तत्काळ प्रभावाने मनाई झाली.

परिणाम अद्भुत होता. डाग रोज लहान होत गेला. प्रमुखांच्या खोलीत आलेख लागला आणि त्याची रेघ उतारावरच्या मुलासारखी खाली धावत सुटली. इकडे गाडी आधी कण्हू लागली, मग तिला जळका वास येऊ लागला. एका सोमवारी फरशी कोरडी ठणठणीत सापडली. प्रमुखांनी गाडीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोसाठी गाडी जरा पुढे घ्यायला सांगितली, तेव्हा तुफानने गिअर टाकला, अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, गाडी जागची हलली नाही.

“असू दे,” प्रमुख म्हणाले, “इथेही उजेड बरा आहे.”

त्याच आठवड्यात टेकडीवरचा मोठा पाइप फुटला. अभियंत्याला ते कार्यालयाच्या आधी ताईकडून कळलं. त्याच्या थोरल्या बहिणीची टेकडीवर लाँड्री होती. नवरा गेल्यावर तिने दोन मशिनांवर ती उभी केली होती आणि हॉटेलांच्या चादरींपासून इस्पितळाच्या पडद्यांपर्यंत सगळं तिच्याकडे धुवायला येई.

“अरे, रस्त्यावरून नदी वाहतेय आणि माझ्या नळाला थेंब नाही!” ताई फोनवर ओरडत होती. “ये ना लवकर. तुझं खातं झोपलंय का?”

“गाडी बंद आहे, ताई.”

“कशाने?”

“गळती थांबली म्हणून.”

“तू जेवलास का नीट?” ताईने काळजीने विचारलं.

अभियंत्याने वाहन शाखेला फोन लावला. उत्तर सौजन्यपूर्ण होतं: आपल्याच अहवालानुसार वाहन गळतीमुक्त आहे, तेव्हा दुरुस्ती नेमकी कशाची करायची ते कळवावं. मग त्याने उस्तादला आवारातच बोलावलं, आदेश गेला खड्ड्यात म्हणाला. उस्तादने तेलाची कांडी बाहेर काढली, हुंगली आणि परत आत खुपसली.

“आता पॅकिंगने भागत नाही, साहेब. बिनतेलाची पळवलीत. आतल्या प्लेटी जळल्या. अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

“तुम्हीच म्हणाला होतात, जेवायच्या वेळेपर्यंत होईल.”

“ते जेवण केव्हाच होऊन गेलं.”

अभियंता स्वतःच्या स्कूटरवर बसला. मागे तुफान, त्याच्या मांडीवर लोखंडी पट्टा, पाना आणि फावडं. बाकीची माणसं चढ चालत गेली. वरचा व्हॉल्व्ह बंद करवून, दिवसभर चिखलात उभं राहून त्यांनी पाइप आवळला. संध्याकाळी अभियंत्याने जोडावरून हात फिरवला. सांधा पक्का होता. कितीतरी महिन्यांनी आपण कामाचं काही केलं, असं त्याला वाटलं आणि गुडघाभर चिखलात उभा असतानाही तो हसला. त्याने फोन करून सांगितलं, “साहेब, झालं. वरचा व्हॉल्व्ह उघडायला सांगा.”

“उघडला आणि परत गळला तर?” पलीकडून प्रमुखांनी विचारलं.

“नाही गळणार, साहेब.”

“लेखी द्याल? कायमचं?” उत्तराची वाट न पाहता ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, गाडीवर सिद्ध झालेली पद्धत आहे. व्हॉल्व्ह बंद केल्यापासून टेकडीची गळती शून्य आहे. हा आकडा शहराच्या इतिहासात कुणाला जमला नव्हता. बिघडवू नका.”

व्हॉल्व्ह बंदच राहिला. अभियंत्याने एकदा तो स्वतः उघडला. टेकडीला एक सकाळभर पाणी आलं आणि त्याला निलंबनाचा आदेश आला. मग व्हॉल्व्हला कुलूप लागलं. टेकडीवरची वस्ती शहरातली पहिली संपूर्ण गळतीमुक्त वस्ती म्हणून जाहीर झाली, प्रमुखांना बढती मिळाली आणि ती पद्धत इतर वस्त्यांनाही टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं.

ताईच्या लाँड्रीत चादरींचे ढीग साचले. भाऊ आता दिवसभर तिच्याकडेच असे आणि स्कूटरवर डबे बांधून खालून पाणी आणी. तेवढ्या पाण्यात दोन चादरी भिजत, धुतल्या जात नसत. एक दिवस खालच्या गावठाणातलं एक जुनं गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं. सुशिक्षित गृहस्थ. हातात फोन.

“अभिनंदन हो ताई! तुमच्या वस्तीची बातमी वाचली. एकही थेंब वाया जात नाही म्हणे. नाहीतर आमच्याकडे! नळ चालू, कुठे ना कुठे ठिबकतंच.”

“अहो, पण आम्हाला पाणीच येत नाही,” ताई म्हणाली.

गृहस्थांच्या कपाळाला आठी पडली. “हेच चुकतं आपल्या लोकांचं. एखादं खातं कधी नव्हे ते चांगलं काम करतं, तर त्यालाही नावं ठेवायची.”

ताईने त्यांचं गाठोडं तसंच, न धुतलेलं, त्यांच्या हातात दिलं. भाऊ काही बोलायला उठला होता, त्याला तिने खुणेनेच बसवलं. गृहस्थ गाठोडं काखेत मारून पायऱ्या उतरले आणि चालता चालता त्यांनी ती बातमी ओळखीच्या सगळ्यांना पाठवली.

तुम्हालाही आली होती. तुम्ही ‘लाइक’चा अंगठा पाठवलात.