औताडे सरांचा बोलका पेपर

इंद्रजीत औताडे सर औरंगपुऱ्यातल्या शाळेत मराठी शिकवत. यंदा शाळेने नवं अ‍ॅप आणलं होतं. मोबाईलसमोर नुसतं बोलायचं, बाकीचं ते बघतं. प्रश्न नीट मांडतं, गुण टाकतं आणि पेपर थेट छपाईला धाडतं.

सर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बोलू लागले. "प्रश्न पहिला. समानार्थी शब्द लिहा..."

"अहो, दूध उतू चाललंय! घरातला कर्ता माणूस म्हणायचं अन् नुसतं बघत बसायचं!" आतून रूपाबाई कडाडल्या.

"थांब गं, पेपर काढतोय."

"भाजी आणा म्हणलं की बहिरे होता. अन् ह्या घरात मला कुणी इचारतं व्हय, तू जेवलीस का म्हणून?"

सरांनी घाईने 'पाठवा' दाबलं आणि गॅसकडे धाव घेतली. पेपर पुन्हा वाचायचा राहिला तो राहिलाच.

सहामाही परीक्षेच्या दिवशी वर्गात पेपर वाटता वाटता सरांची नजर प्रश्नांवर गेली. अ‍ॅपने रूपाबाईंचा शब्द न् शब्द अभ्यासक्रमात बसवला होता.

'प्र. २. दूध उतू जात असताना घरातील कर्ता काय करत होता? सविस्तर लिहा.'

'प्र. ३. भाजी आणण्याच्या वेळी बहिरेपणा येण्याची कारणे द्या.'

'प्र. ४. निबंध लिहा : ह्या घरात मला कुणी विचारतं का?'

पेपर परत घ्यावेत म्हणून सरांनी तोंड उघडलं, पण पोरं केव्हाच खाली माना घालून लिहायला लागली होती. एरवी घड्याळाकडे बघणारा शिवमसुद्धा पुरवणी मागत होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंनी बोलावणं धाडलं. नोकरी गेली, असं धरूनच सर आत गेले.

"सर, हे काढलं कुणी?"

"मॅडम, चूक झाली. ते अ‍ॅप..."

"अहो, चूक कसली? दरवर्षी पोरं मोबाईलनं लिहून दिलेला एकच निबंध पाठ करून येतात. 'आजच्या धावपळीच्या युगात' वाचून वाचून डोळे गेले माझे. अन् हे बघा, संस्कृतीनं काय लिहिलंय."

संस्कृतीने लिहिलं होतं : 'दूध उतू जात असताना आमचे पप्पा, दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावं, याचा व्हिडिओ बघत होते.'

"वार्षिकचा पेपरही अस्साच पाहिजे," बाई म्हणाल्या.

सरांनी गठ्ठा घरी नेला. चौथ्या प्रश्नाची उत्तरं वाचता वाचता त्यांचं हसू मावळलं. बहुतेक पोरांनी आईबद्दलच लिहिलं होतं. ते उठून आत गेले. "रूपा, तू जेवलीस का?"

रूपाबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. पण सर रोजच विचारू लागले, आणि घरातली कुरकुर हळूहळू थांबली.

वार्षिक परीक्षा आली. सर मोबाईल चालू करून बसले. आतून चकार शब्द नाही. त्यांनी ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकला. रूपाबाईंनी तो उचलून दोरीवर वाळत घातला.

"अगं, काहीतरी बोल की!"

"काय बोलू? लई गुणाचे झालात तुम्ही."

सर हवालदिल झाले. शेवटी गच्चीवर जाऊन त्यांनी गावी, पाचोडला फोन लावला.

"आई, आठवडाभर राहायला येतीस का?"

"एकाएकी कशी रं आठवण झाली माझी? रूपाचं माझं पटत नाय, ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय म्हणूनच," सर म्हणाले. "पोरांची वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय."