माळढोकाची समोरून घेतलेली छबी

आकुर्डीच्या माळावर, आमच्या कामगार-चाळीच्या मागे, माळढोक पक्ष्याची मादी अंड्यावर बसली होती, आणि ती बसली होती तिथूनच नवा रस्ता जाणार असल्याचे नकाशात मंजूर झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात उघडकीस आल्या. रस्ता दाबायचा रूळ निघाला होता. अंडे एकच होते.

आमच्या ह्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. कारखान्यातली पाळी संपली की लांब भिंगाचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून पोटावर सरपटायचे. शर्ट मी धुवायचे. ह्यांनी गवताआडून तिचा फोटो काढला. पक्षी उजवीकडे, डावीकडे मोकळे गवत, वर चिमूटभर आभाळ. “तिच्या नजरेपुढं जागा सोडायची असते,” हे म्हणाले. पिलू निघेपर्यंत रूळ थांबवावा, असा अर्ज केला, फोटो जोडला, आणि बाळाला कडेवर घेऊन मीही कचेरीत गेले.

तिथले मोठे कारकून उद्धवराव, माणूस भला. चष्मा पुसून त्यांनी फोटो पाहिला.

“पक्षी मधोमध का नाही?”

“रचना, रावसाहेब,” हे म्हणाले.

“आणि एवढं रिकामं गवत कोणाच्या मंजुरीनं आलं? अर्जदाराचा फोटो समोरून लागतो. दोन्ही डोळे दिसले पाहिजेत, मागं पांढरा पडदा.”

“अर्जदार मी आहे.”

“सवलत कोणाला हवी? पक्ष्याला. मग अर्जदार पक्षी.”

“पण पक्ष्याचे डोळे बाजूला असतात हो!”

“ती त्याची खासगी अडचण झाली.”

ह्यांनी समोरून फोटो काढला. समोरून माळढोक बाटलीसारखा दिसतो. उद्धवरावांनी तो उजेडात धरला. “अंडं कुठाय?”

“तिच्या खाली.”

“दिसत नाही. नुसती दमून टेकली असेल. तिला उठवा नि काढा.” मग थोडा विचार करून ते म्हणाले, “पण उठली तर अर्जातलं ‘बसलेली’ खोटं ठरेल. उठलेली बसलेली असा आणा.”

“ऊन केवढं आहे! आई उठली तर अंडं शिजेल,” मी म्हणाले.

“बाई, मायेला इथं रकाना नाही.”

रूळ ओढ्यापाशी आला. दूध घालायला येणाऱ्या गवराबाईंनी आमचे चेहरे पाहिले.

“माझी कोंबडी बशिवली हाय खुराड्यात. मागं पांढरं लुगडं धरते. कशी पायजे तशी बसंल.”

“पण ती कोंबडी आहे, गवराबाई!”

“व्हय. सायबाला कुठं ठावं हाय?”

कोंबडी दाण्याच्या आशेने थेट भिंगात बघत राहिली. खालून अंडेही डोकावले. ह्यांनी मान खाली घातली, पण कोंबडी मात्र बरोब्बर मधोमध घेतली.

उद्धवराव खुर्चीतून उठलेच. “याला म्हणतात फोटो! आता कसा माळढोक माळढोकासारखा दिसतो!” रूळ थांबवायचा हुकूम त्याच दिवशी निघाला.

पडताळणीला अर्जुनराव निरीक्षक आले. फोटो हातात धरून ते माळावर उभे राहिले. अंड्यावरच्या तिच्याकडे बघितले, फोटोकडे बघितले. “जुळत नाही. मान लांब, अंग थोराड. हा तोतया आहे.” मग खऱ्या पक्ष्याचा शोध घेत ते खुराड्यापाशी पोचले. तिथे काटेरी तार ओढली गेली आणि पाटी लागली.

“ओ दादा, अंडी तरी काढू द्या!” गवराबाई तारेपलीकडून ओरडल्या.

“हात लावायचा नाही. दुर्मिळ आहे.”

माळावरच्या तोतयाबाबत हरकत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी रूळ पुन्हा सुरू झाला. आम्ही धावलो. ती उठलेली होती. पुढे ती, मागे मातीच्या रंगाचे एवढेसे काहीतरी, गवतात अडखळत, चाकणच्या दिशेने चाललेले. रूळवाल्याने यंत्र बंद केले आणि विडी पेटवायची राहूनच गेली. ह्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. उचलायचे सुचलेच नाही. बाळाने टाळ्या वाजवल्या.

हे ऐकून लोक मान डोलावतात, “बरं झालं बाई,” म्हणतात आणि मग हळूच, आत्ता तुमच्या मनात आहे तेच विचारतात, “त्या पिलाचा फोटो नाही का?”

विचारा, संकोच नको. उद्धवरावांच्या शेजारची खुर्ची सध्या रिकामीच आहे.