दोन वाटांचे कांबळे सर

आमच्या शेजारचे कांबळे सर कुठलाही निरोप दोनदा धाडत. शनिवारी बेळगावच्या वाचनालयात गेले, की निपाणीला आमच्या घरी द्यायचा निरोप एका एसटी कंडक्टरकडे हायवेनं, आणि तोच दुसऱ्याकडे चिकोडीवरून. परत आल्यावर मला विचारायचे, "आधी कुठला आला गं? दुसरा किती मागनं?"

एकदा "मास्तर उद्या जेवायला येणार" हा निरोप दोन तोंडांनी आला. आईला वाटलं, दोन मास्तर येणार. तिनं दुप्पट भाकऱ्या थापल्या. सर खूश!

"आक्का, आकाश बघणाऱ्यांचंबी असंच झालतं. क्वेसार दोन दिसले, निघाला एकच!"

क्वेसार म्हणजे लई लांबचा, लई झगझगीत दिवा. वाटेतल्या दीर्घिकेच्या ओढीनं त्याचा उजेड वळतो आणि दोन वाटांनी येतो. दिवा कमी-जास्त झाला, की एका चित्रात आधी दिसतं, दुसऱ्यात मागनं. दीर्घिकेचं वजन ठाऊक असलं, तर त्या उशिरावरून अंतर निघतं, आणि अंतरावरून विश्व किती वेगानं पसरतंय ते. हे सगळं सरांनी आईच्या विड्यांच्या सुपाशेजारी बसून सांगितलं.

"पसरंना का," आई म्हणाली, "ह्या भाकऱ्या कोण संपवणार?"

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी बी.एस्सी.ला बेळगावात अर्ज केला होता. जागा मिळाली नाही तर सोमवारपासून विड्या वळायच्या, असं आईनं बजावलं होतं. त्या शनिवारी सर माझ्या अर्जाची चौकशी करायला बेळगावातच थांबले होते. रविवारी चिकोडीच्या गाडीचा कंडक्टर दारात आला. "पोरीला सीट मिळालीया. उद्या सकाळी हजर ऱ्हावा, न्हायतर जाईल, म्हणालेत सर."

पहिल्या गाडीनं गेले. सर कॉलेजच्या पायरीवर बसून होते.

"हायवेचा निरोप आलाच नाही, सर."

मला वाटलं, आता क्वेसार निघणार. सरांनी सरकून मला पायरीवर जागा दिली. मग म्हणाले, "माझी आई गेली, तवा निरोप एकाच वाटेनं धाडलता. मी पोचलो तवर सगळं उरकलतं."

माझं शिक्षण त्या दुसऱ्या वाटेनं आलं. सरांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

प्रवेश झाल्याचा निरोप आम्ही दोन्ही गाड्यांनी धाडला आणि तिसरीनं घरी आलो. आईनं पुन्हा दुप्पट भाकऱ्या थापल्या होत्या. निम्म्या फडक्यात बांधून तिनं सरांच्या हातात दिल्या.

"मास्तर, एकट्यासाठी चूल पेटवू नगासा," ती म्हणाली. "उद्यापास्नं इथंच जेवायचं."