सिलिकॉनला कपाट नाही

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दोन कपाटं आहेत. एकावर ‘धातू’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘अधातू’. तपासणीच्या दिवशी टेबलावर एकही नमुना दिसता कामा नये, असा मोठ्या बाईंचा आदेश होता आणि तो अमलात आणण्यासाठी प्रयोगशाळाप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली होती. बिल्ला आदल्याच दिवशी मिळालेला. झोपतानासुद्धा मी तो काढला नव्हता.

तांबं, लोखंड डावीकडे गेलं, गंधक उजवीकडे. पाऱ्याने जरा त्रास दिला.

“धातू आणि पातळ?” मोठ्या बाई म्हणाल्या. “बूच घट्ट लाव. कोणी विचारलं तर म्हणायचं, उकाड्याने वितळलाय.”

ग्राफाइट अधातू असूनही वीज वाहून नेतं, हे कळल्यावर मात्र मोठ्या बाई खवळल्या. अधिकार नसताना परस्पर काम केल्याबद्दल त्याला तोंडी ताकीद देऊन मागच्या फळीवर पाठवण्यात आलं.

उरलं सिलिकॉन.

“चमकतंय. धातू,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“पण बाई, ते ठिसूळ आहे. वीज नेतं, पण हातचं राखून. तापवलं की जास्त नेतं. ते धातुसदृश आहे.”

“म्हणजे सकाळी अधातू आणि दुपारी धातू? मग शिपाईकाकांनी काय दिवसभर त्याची ने-आण करायची?”

“तिसरं कपाट मिळालं तर...”

“मंजूर नाही. आणि कपाट मंजूर नाही म्हणजे तो प्रकारही नाही.”

मी विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं. हे सगळं त्यांनीच तर शिकवलं होतं, तेही टेबलावर हात आपटून. त्या म्हणाल्या, “आहे तसं पुस्तकात... पण पुस्तक जुनं झालंय.”

शेवटी शास्त्रीय कसोटी ठरली. ठोकल्यावर पसरलं तर धातू. मोठ्या बाईंनी स्वतः हातोडी उचलली. अख्खा वर्ग खिडकीला लोंबकळून बघत होता. ठाण्! सिलिकॉनचे तुकडे थेट अधातूंच्या कपाटाखाली गेले.

“बघ, त्याचं त्यानेच ठरवलं. झाडून घे आता.”

तपासणीचे साहेब आले आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं, “सिलिकॉन कुठाय?”

“या मुलीच्या हातून फुटलं, साहेब. धांदरट आहे,” मोठ्या बाई इतक्या सहज म्हणाल्या की क्षणभर मलाही पटलं. मग बिल्ल्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

“खोटं आहे! हातोडी मोठ्या बाईंनी मारली. सगळ्यांनी पाहिलंय.”

साहेब वर्गाकडे वळले. “कोणी पाहिलं?”

मधल्या सुट्टीत “आम्ही आहोत ना गं, घाबरतेस काय!” म्हणून माझ्या पाठीवर थापा मारणारी मंडळी एकदम खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागली. विज्ञानाच्या बाई फळा पुसत होत्या. फळा कोरा होता.

माझा हात अजून बिल्ल्यावर आहे, साहेब अजून उभे आहेत. हातोडी पडली तेव्हा तुम्हीही इथेच होतात, वाचता वाचता चांगले खुदकन हसलात. मग बोला ना! अहो, खाली काय वाकताय?