बंद दाराआड पलंगाची मोजणी

आमच्या घरात कुठलाही निर्णय घ्यायचा झाला, की त्या कामाला सगळ्यात नालायक माणूस कोण ते आधी शोधतात आणि मग त्यालाच पुढे करतात. पलंगाच्या वेळी असे दोघे सापडले. एक माझे वडील, दुसरा माझा मामा. (तिसरा मी होतो. पण इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसल्यापासून मला नालायकांतही कोणी धरत नाही.)

सुरुवात झाली चादरीपासून. आईबाबांचा जुना पलंग खोलीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना चिकटून होता आणि त्यावर त्यांच्या लग्नातली कापसाची गादी होती. गादी कसली, आत कोणीतरी कायमचं झोपलंय असं वाटावं इतकं तिचं वजन. दर रविवारी सकाळी आई ती चादर बदलायची आणि बाबा दाराशी खुर्ची टाकून, पेपर उघडून देखरेख करायचे. देखरेख म्हणजे एकच वाक्य: "तिकडचा कोपरा राहिला." तिकडचा म्हणजे दोन भिंतींमधला. अख्ख्या संसारात हे वाक्य त्यांनी दर आठवड्याला म्हटलं, आणि त्या कोपऱ्यापर्यंत स्वतः एकदाही गेले नाहीत.

एका रविवारी आई पलंगावर गुडघा टेकून, एका हाताने गादी उचलून, दुसऱ्या हाताने त्या कोपऱ्यात चादर कोंबत होती. तेवढ्यात तिच्या कमरेत काहीतरी धरलं आणि ती तशीच राहिली.

"झालं का?" बाबा पेपरामागून.

"अहो, मला सरळ होता येत नाहीये."

"मग आलीच आहेस तर तेवढा कोपरा घालून घे."

(मी खोटं बोलत नाही. मी तिथेच होतो, आणि त्या क्षणी मला मुलगा म्हणून नाही तर वकील म्हणून जन्माला यायला हवं होतं.)

डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही. "पलंग तरी बदला, नाहीतर चादर घालणारं माणूस तरी." बाबांनी दुसरा पर्याय ताबडतोब स्वीकारला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घालायला लागलो. पण माझ्या हातची चादर म्हणजे आईच्या जिवाला घोर. सुरकुत्या बघून तिला जेवण जायचं नाही. एकदा मी दुकानातून परत आलो तर आई गादीखाली हात घालून उभी, चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही रे. जरा नीट करत होते."

मी ओरडलो. ती मुकाट्याने खुर्चीत बसली आणि मग तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "मला दोन वेगळे सिंगल पलंग हवेत. हलक्या गाद्या. इलॅस्टिकच्या चादरी. मध्ये माझ्यापुरती वाट. खुर्चीत बसल्या बसल्या माझी मी चादर बदलेन. दर वेळी कोणाच्या तोंडाकडे बघायचं, ते नको मला."

माझ्या आईची आयुष्यातली एकुलती एक मागणी, आणि ती काय, तर स्वतःची चादर स्वतः बदलता यावी! तिला हे मिळालं नाही तर ती पुन्हा चोरून वाकणार आणि कधीतरी वाकलेलीच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. बाबांना दिसत होते लोक.

"दोन पलंग? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक तुमच्या बेडरूममध्ये येतात का?" मी विचारलं.

"तू गप रे, इंजिनिअर."

(बाबा मला हल्ली याच नावाने हाक मारतात. कॉलेजात होतो तोवर नावाने मारायचे.)

इथे मामाचा प्रवेश झाला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एकदा कंपनीच्या खर्चाने एका मोठ्या हॉटेलात राहून आला, तेव्हापासून त्याला झोपेतलं कळतं. "भावोजी, माणसाने घ्यावा तर किंग साइज! डोकं कुठेही, पाय कुठेही. हॉटेलात झोपलो होतो ना, सकाळी मी कुठे आहे ते मलाच सापडेना."

बाबांच्या डोळ्यांत चमक आली. निवृत्त झाल्यापासून त्यांना साहेबसुद्धा कोणी म्हणत नव्हतं, आणि इथे थेट किंग.

आता बाबांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. मोजणी म्हटली की भाऊबंद गोळा होतात, टेप ओढतात, खुणा पुसतात, प्रसंगी डोकी फोडतात. म्हणून बाबांचा एक नियम होता: मोजणी चालू असताना हितसंबंधी माणसं बाहेर. हाच नियम त्यांनी आमच्या बेडरूमला लावला. आई बाहेर, मी बाहेर, दार बंद. आत बाबा, मामा, टेप आणि खडू. आम्हाला बाहेरून फक्त आवाज.

"भिंत ते भिंत धर. कपाट वजा कर. ढिला सोडू नकोस!"

"बसतोय भावोजी! अगदी तंतोतंत!"

"बाबा, मी एकदा मोजून बघू का?" मी बंद दारातून विचारलं.

"आयुष्यभर मैलच्या मैल जमीन मोजलीये मी. एकाही मोजणीत चूक नाही!"

खरं होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या आणि माझ्याही लक्षात आली नाही. जमिनीला दार नसतं.

पलंग आला तो सुट्या फळ्यांच्या रूपात. सोबत मिस्त्री आणि गाद्यांमधला गेंडा शोभेल अशी स्प्रिंगची गादी. जुना पलंग आदल्या दिवशीच भंगारात गेला होता. (बाबांचं धोरण असं, की नव्या पाण्यात पाय टाकण्याआधी जुनी होडी जाळायची.) फळ्या आत गेल्या, गादी उभी करून आत ढकलली, आणि मिस्त्रीची हत्यारांची पेटी बाबांनी पुन्हा बाहेर पॅसेजमध्ये आणून ठेवली. "नव्या पॉलिशवर ओरखडे नकोत. लागेल ते हत्यार हातात घेऊन ये." मिस्त्री एकेक हत्यार नेऊन वापरायचा आणि परत पेटीत ठेवायचा. शेवटी पायथ्याची फळी खाचांत दाबून बसवायची तेवढी राहिली, तसं बाबांनी दार लावून घेतलं. पूर्ण झाल्याशिवाय आईने बघायचं नाही. सरप्राइज.

आई बाहेर खुर्चीत, कमरेला गरम पाण्याची पिशवी. आतून धप्पकन गादी पडल्याचा आवाज आला. मग मामाचा जयजयकार. मग दाराची कडी. मग दार चार बोटं उघडलं आणि ठक्क!

पुन्हा ठक्क.

फटीत बाबांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली. "दार अडकलंय. ढकल बाहेरून!"

"बाबा, पलंगाला आपटतंय. दार आत उघडतं."

फटीतला डोळा दाराच्या बिजागरीकडे वळला.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही घर घेतलंत तेव्हापासून."

मी फटीतून पाहिलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट, उशाकडे भिंत, पायथा दाराला भिडलेला. पलंग मागे सरकायला नखाएवढी जागा नव्हती. खरोखरच तंतोतंत. खिडकीला गज. कपाटासमोरच्या पट्टीत मामा आणि मिस्त्री एकमेकांना खेटून, रांगेत असल्यासारखे उभे.

"काही नाही साहेब, खोलून टाकू," मिस्त्री म्हणाला. "पाना द्या."

पाना बाहेर पेटीत होता. पेटी माझ्या पायाशी होती. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते चांगल्या घरातल्या मुलाच्या मनात येऊ नये. मी पाना उचलला, फटीसमोर धरला आणि घसा साफ केला. माझं भाषण तयार होतं. मागच्या पिढीने आमचं काय काय वाटोळं केलं इथपासून सुरू होऊन ते चादरीवर संपणार होतं.

"बाबा, गेली कित्येक वर्षं या घरात..."

"तू थांब रे जरा," आई म्हणाली. तिने माझ्या हातातून पाना घेतला, मला खुर्ची फटीजवळ सरकवायला लावली आणि बसली.

"अहो, छान आहे पलंग."

"आहे ना?" फटीतली अर्धी मिशी उजळली. "अगं, एकदा झोपून तर बघ!"

"कशी येऊ?"



"ताई," आतून मामा, "मला जरा बाथरूमला जायचंय."

"जा की."

"ताई!"

"बरं, राहू दे. अहो, तुमचं ते लोकांचं ठेवा बाजूला. खरं सांगा, दोन पलंग का नकोत तुम्हाला?"

बाबांनी एकदा मागे वळून मामाकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलले, की मिस्त्रीही वाकला ऐकायला. "हल्ली रात्री तुझी कंबर दुखली की तू उठून बसतेस. गादी हलते, म्हणून मला कळतं. वेगळी झोपलीस तर मला कळणार कसं?"

माझं भाषण माझ्या घशातच वाळलं. (म्हातारी माणसं अशी ऐन वेळी दगा देतात. धड रागावूही देत नाहीत.)

आईने पाना मांडीवर ठेवला. "मध्ये हातभरच वाट ठेवू. हात लांब केला की पोचेल. आणि तुम्ही आहात की नाही, हे मला तुमच्या घोरण्यावरून चार घरं पलीकडेही कळेल."

"पण किंग साइजवर जागा..."

"बरं, मग एक करा. ही चादर घ्या." तिने नवी कोरी चादर घडी मोडून फटीतून आत सरकवली. "घालून दाखवा. घातलीत नीट, तर ठेवू हाच पलंग. एक अक्षर बोलणार नाही."

बाबांनी आव्हान स्वीकारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते चादर घालायला पलंगावर चढले. भिंतीकडच्या कोपऱ्यात पोचायला त्यांना रांगत जावं लागलं. पोचल्यावर कळलं, की जो कोपरा उचलायचा त्याच्यावर आपण स्वतःच बसलोय. मामाला गादी धरायला बोलावलं. मामा चढला, आणि गादी आणखी खाली बसली. मिस्त्रीने इकडून चादर ओढली तशी तिकडची सुटली. बाबा म्हणाले "उचल", मामा म्हणाला "तुम्ही उतरा", बाबा म्हणाले "कुठे उतरू, तुझ्या डोक्यावर?" फटीतून मला कधी एक धोतराएवढी पांढरी लाट दिसे, कधी कोणाचा तरी पाय. शेवटी तिघंही चादरीखाली होते आणि गादी उघडी होती.

आई शांतपणे म्हणाली, "अहो, तिकडचा कोपरा राहिला."

आतून फक्त धापांचा आवाज.

"भावोजी," मामा कळवळून म्हणाला, "सिंगल फार चांगले हो! हॉटेलातसुद्धा सिंगलच होते!"

"तू तर म्हणाला होतास..."

"खाली पडलो होतो मी, म्हणून सापडत नव्हतो!"

मग फटीतून बाबांचा हात बाहेर आला. घामेजलेला. "दे बाई तो पाना."

"दोन सिंगल?"

"दोन सिंगल."

"इलॅस्टिकच्या चादरी?"

"तू म्हणशील त्या."

मिस्त्रीने पायथा खोलला आणि मामा जो सुटला, तो दारातून, पॅसेजमधून, माझ्या पायावरून थेट. बाबा मात्र दारात थांबले. आईच्या कमरेकडे बघत म्हणाले, "हे असं तू दर रविवारी करायचीस?" बाबांनी तिची गार झालेली पिशवी घेतली आणि पाणी तापवायला गेले. मी घड्याळात बघितलं नाही, पण आमच्या घरातला तो ऐतिहासिक क्षण होता.

आता खोलीत दोन सुटसुटीत पलंग आहेत. मोजमाप मी घेतलं, दार उघडं टाकून. रविवारी सकाळी आई खुर्ची मधल्या वाटेत ओढते, बसल्या बसल्या एक कोपरा अडकवते, मग दुसरा, आणि गुणगुणत पलीकडे वळते. कोणाला हाक मारत नाही. तिचं गुणगुणणं ऐकू आलं की माझ्या छातीवरून कोणीतरी ती कापसाची गादी उचलल्यासारखं वाटतं.

राहता राहिला किंग साइज. एकदा फिट केलेला पलंग दुकानदार परत घेईना. मग तो एकाच खोलीत जाणं शक्य होतं, जिथे दाराचा प्रश्नच नाही. ती खोली माझी. (तिला दारच नाही, नुसता पडदा. शिक्षण सोडलेल्या मुलाला एकांत कशाला, असं बाबांचं मत.) पलंग बसला. तीन बाजूंनी भिंतीला भिडून, तंतोतंत. बाबा म्हणतात, त्यांची मोजणी चुकलीच नव्हती, फक्त खोली चुकली होती. आता मी पडदा सारला की जमिनीवर नाही, गादीवरच पाऊल ठेवतो.

गेल्या रविवारी मी चादर बदलायला घेतली. ज्या गादीवर आपण उभे आहोत तीच गादी उचलायची, हे कॉलेजात शिकवलं असतं तर मी टिकलो असतो. तीन कोपरे कसेबसे झाले. चौथ्यासाठी मी भिंतीत नाक खुपसून गादीशी झटत होतो, तेवढ्यात मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पेपर उघडला गेला.

"इंजिनिअर, तिकडचा कोपरा राहिला."

मी काही बोलणार, इतक्यात शेजारच्या खोलीतून आईचं गुणगुणणं थांबलं. मला वाटलं, आली माझ्या बाजूने लढायला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "त्याला अर्धवट सोडायची सवयच आहे."