कवडूकाकांच्या सात पेट्या

आमच्या शेजारचे कवडूकाका दर दोन महिन्यांनी दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पेट्या उघडायला लावत. चोरीसाठी नव्हे. प्रत्येक पेटीच्या तळाशी काकांच्या कागदांची एकेक झेरॉक्स प्रत होती. ती जागेवर आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं असे.

निवृत्त बस कंडक्टर. मोफत प्रवासाचा पास आणि संशय, दोन्ही भरपूर. मूल, ब्रह्मपुरी, कुरखेडा अशा सात गावांत सात नातेवाईक आणि सात पेट्या. "कागद एकाच घरी ठेवते तो माणूस येडा असते," ते म्हणत. "उदई का विचारून येते?" उदई म्हणजे वाळवी. बरं, जपायचे कागद तरी कोणते? नोकरीचा दाखला, घरटॅक्सची पावती आणि कधीच विकून टाकलेल्या सायकलचं बिल.

मूल गावचा त्यांचा साळा त्यांना पाहताच बायकोला ओरडून सांगे, "आले वं इन्स्पेक्टर! पेटी काढ!" काका न हसता चष्मा लावत.

सातवी पेटी कुरखेड्याला, त्यांच्या मुलीकडे. वनिताने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नव्हते. तिच्याकडे जात मात्र नेमाने. "तिच्या घरी नाई, पेटीपाशी जातो," हे त्यांचं स्पष्टीकरण. प्रत तपासायची, भिंतीकडे पाहून पाणी मागायचं आणि शेवटच्या गाडीने परतायचं. लेक नको, तिची पेटी चालते! मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

मग काकांचे गुडघे गेले. काकू माझ्याकडे आल्या. "बाई, तू कम्प्युटरवाली. ह्यायच्या कागदाचं काही कर ना. पाय उचलत नाई अन् गावोगाव हिंडून राह्यले."

चार माणसांत मी गप्पच असायचे, पण या विषयावर मला बोलता येई. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. क्लाउड हा शब्द चंद्रपुरात पोचला नव्हता, पण ती सोय पोचली होती. फाइल ईमेलला जोडून स्वतःलाच पाठवायची. मग घर जळो की मशीन बंद पडो, फाइल दूरच्या कुठल्या तरी मोठ्या कम्प्युटरवर शाबूत. मी काम करायचे त्या सायबर कॅफेत येणारा एक धानाचा व्यापारी मालाची यादी अशीच ठेवायचा आणि गडचिरोलीत जाऊन उघडायचा. त्याला कळलं होतं, काकांना का कळू नये?

एका दुपारी मी त्यांना कॅफेत नेलं. सगळे कागद स्कॅन केले, सायकलचं बिलसुद्धा, आणि पाठवून दिले.

"उदई?" काकांनी विचारलं.

"लागत नाही."

"पूर आला तं?"

"तिथवर पोचत नाही."

"मंग पेट्या पाहाले जा लागते का नाई?"

"कुठेच जायला नको, काका. घरबसल्या सगळं दिसेल."

काका पडद्याजवळ वाकले. "कुरखेड्याले बी नाई?"

"नाही."

"एखांद्या वेळेस जाऊन पाह्यलं तं?"

"पण कशाला?"

विनातिकीट सापडलेल्या प्रवाशासारखा त्यांचा चेहरा झाला. कुरखेड्याला ते कशासाठी जात होते, ते मला तेव्हा कळलं. स्वतःला फार हुशार समजत होते मी.

तेवढ्यात लाइट गेली. आमच्या जिल्ह्यात वीज तयार होते, पण आम्हाला ती मिळतेच असं नाही. पडदा काळा झाला आणि काका गुडघे विसरून ताडकन उठले.

"गेलं! पाह्य, गेलं ना सारं!"

ते इतके आनंदलेले मी कधीच पाहिले नव्हते.

काहीही गेलं नव्हतं. पाठवलेले कागद जिथे होते तिथे सुखरूप होते. या सोयीचा तोच तर सगळ्यात मोठा फायदा, आणि तो समजवायला मला दोन वाक्यं पुरली असती.

"हो काका," मी म्हणाले, "गेलं."

"मंग कुरखेड्याले जाच लागन. उद्याच जातो."

दारात चपला शोधता शोधता त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "बाई, चार वर्षाच्या पोरीले केवढी चप्पल येते?"

वनिताच्या मुलीचा विषय मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. मी दोन हातांनी अंदाज दाखवला.

"नाई," काका म्हणाले, आणि आपले दोन्ही तळहात त्याहून थोडे जवळ धरले. "तिचा पाय एवढासाच आहे."